माळावरचं हरण आणि त्याचा बाजारभाव

प्रश्न असा आला आहे: "सुप्याजवळ आमची वडिलोपार्जित चाळीस एकर माळजमीन पडून आहे. पाऊस बेताचा, पिकत काही नाही, पण चिंकारे रोज दिसतात. दक्षिण आफ्रिकेत शेतकरी हरणं पाळून मांस, कातडी, शिकारीचे परवाने विकतात आणि त्यामुळेच तिथली जनावरं वाढली, असं वाचलं. टेक्सासमध्ये तर आपल्या नीलगाईचं मांस हॉटेलात मिळतं. मग आपल्याकडे हरणांची शेती का नको? शेतकऱ्याला पैसा, हरणाला जीवदान. कुंपण घालायची तयारी आहे, जमिनीत एक जुनी विहीरही आहे. काय करावं?"

मी पशुवैद्य आहे, पुण्यात राहते. गेली सव्वीस वर्षं माझं बरंचसं काम रानातल्या खूरवाल्या जनावरांवर चाललं आहे: विहिरीत पडलेली, तारेत अडकलेली, कुत्र्यांनी फाडलेली. हा प्रश्न मला गावागावांत विचारतात आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याचं उत्तर लहान आहे, ते आधी. चिंकारा, काळवीट, चौसिंगा हे तिघंही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, मारणं, त्यांचं मांस, कातडं किंवा शिंग विकणं हा गुन्हा आहे. तुमच्या बांधावर चरतात म्हणून ते तुमचे होत नाहीत. तेव्हा हरणांची शेती आज होणार नाही. पण 'कायदा आहे, गप्प बसा' एवढंच सांगून थांबावं असं मला वाटत नाही. कायदे बदलतात, याच कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत नव्यानं मांडल्या गेल्या. उद्या परवानगी मिळालीच तर करावं का, हा खरा प्रश्न आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जनावराला किंमत आली की ते संपतं, हे जसं खरं नाही, तसंच किंमत आली की ते वाचतं, हेही खरं नाही. पैसा जनावराच्या मरणाचा मिळतो की जगण्याचा, आणि तो ज्याच्या रानात ते चरतं त्याच्या हातात पडतो की दुसऱ्याच्या, यावर सगळं ठरतं.

दोन लोकरींची गोष्ट सांगते. तिबेटच्या पठारावर, आणि थोडा आपल्या लडाखच्या टोकाला, चिरू नावाचा मृग राहतो. कडाक्याच्या थंडीसाठी त्याच्या अंगावर केसांखाली जी मऊ लव असते, तिची शहातूश शाल होते. अंगठीतून आरपार जाणारी शाल म्हणतात ती हीच. ही लोकर झुडपांना अडकते आणि गुराखी ती वेचून आणतात, असं व्यापारी सांगायचे आणि गिऱ्हाईकं समाधानानं ऐकायची. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९८० च्या दशकात त्या पठारावर काम सुरू केलं आणि खरा प्रकार बाहेर आला. झुडूप वगैरे काही नाही. चिरूला गोळी घालायची, कातडं सोलायचं आणि मग लव उपटायची. एका शालीला तीन ते पाच जनावरं लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या घरात असावेत असा ज्यांचा अंदाज, ते १९९० च्या दशकात पाऊण लाखाच्या आत आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७० च्या दशकापासून बंदी होती, तरी काश्मीरमधलं विणकाम नव्या शतकापर्यंत चालू राहिलं. ते थांबलं तेव्हा श्रीनगरच्या विणकरांचा रोजगार गेला, आणि शिकाऱ्यांपेक्षा त्यांचीच बदनामी जास्त झाली, याचं मला वाईट वाटतं.

आता दक्षिण अमेरिकेतली अँडीज पर्वतरांग. तिथं विकुन्या नावाचा उंटाच्या कुळातला लहानसा प्राणी आहे. लोकर शहातूशच्या खालोखाल बारीक. १९६० च्या दशकात पेरूमध्ये तोही काही हजारांवर आला होता. १९६७ मध्ये पाम्पा गालेरास इथं राखीव क्षेत्र झालं, शेजारच्या देशांनी मिळून करार केला, काही वर्षं व्यापार पूर्ण बंद ठेवला. आकडा सावरल्यावर मात्र त्यांनी इंकांच्या काळातली एक रीत पुन्हा सुरू केली. तिला 'चाक्कू' म्हणतात. अख्खं गाव रंगीत चिंध्या बांधलेला लांब दोर धरून माळावर साखळी करतं, हळूहळू पुढं सरकतं आणि कळपाला नरसाळ्याच्या आकाराच्या कुंपणात आणतं. जनावराला धरायचं, लोकर कातरायची, सोडून द्यायचं. एका जनावराची साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम लोकर निघते, आणि एकदा कातरल्यावर पुन्हा सुमारे दोन वर्षं थांबावं लागतं. पैसा गावाला. आज विकुन्यांची संख्या लाखांत आहे. तिथंही सगळं गोड नाही. कोटाची किंमत लाखांत जाते आणि गावाच्या पदरी त्यातला फारच थोडा वाटा येतो, चोरटी शिकारही अधूनमधून होते. पण जिवंत विकुन्या त्या गावाला दर दोन वर्षांनी कामाला येतो आणि मेलेला एकदाच, हे तिथल्या पोरालाही कळतं. चिरूच्या बाबतीत हे जमलं नाही, कारण तो धरून कातरता येत नाही. तो दूरवर स्थलांतर करतो, माणसाला बुजतो, आणि त्याला पाळण्याचे बेत व्यापारी पातळीवर कधी यशस्वी झाले नाहीत. जनावर कसं आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं, ही गोष्ट पैशाचं गणित मांडणारे नेहमी विसरतात.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "शिंगं तर दरवर्षी आपोआप गळतात, ती विकायला काय हरकत?" हरणं आणि मृग यांत फरक आहे, तो आधी सांगते. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं भरीव, फांद्यांची आणि गळून पडणारी. काळवीट, चिंकारा, चौसिंगा यांची पोकळ, कायमची. ती गळत नाहीत. तेव्हा काळविटाचं शिंग कुणी 'रानात सापडलं' म्हणून दाखवलं तर जनावर मेलेलं आहे, एवढं नक्की. सांबरशिंगाचं तसं नाही. आपल्याकडे शृंगभस्म या आयुर्वेदिक औषधासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, सुरीच्या मुठी झाल्या, वाड्यांच्या दिवाणखान्यात टांगलं गेलं. गळलेल्या चितळ-सांबरशिंगाचा व्यापार भारतात एके काळी कायदेशीर होता. मग बंद का केला?

माझ्या टेबलावर एकदा जप्त केलेल्या शिंगांचा ढीग तपासणीला आला होता. गळलेल्या शिंगाचं बूड हाताला लगेच कळतं: गोलसर फुगीर, खडबडीत, जसं झाडावरून आपोआप सुटलेल्या फळाचं देठ. मारलेल्या जनावराच्या शिंगाला मात्र खाली कवटीचा तुकडा असतो, कधी त्यावर वाळलेली कातडी. त्या ढिगातल्या निम्म्याहून जास्त शिंगांना बूडच नव्हतं. वरच्या बाजूनं करवत मारलेली, काप स्वच्छ, पांढरे. ती गळलेली होती की मारलेल्या सांबराची, हे सांगायला मला काही मार्ग उरला नव्हता. करवत त्यासाठीच मारली होती. कायदेशीर माल आणि चोरीचा माल शेजारी ठेवल्यावर ओळखता येत नसेल, तर कायदेशीर दुकान हे चोराचंच दुकान होतं. त्या दिवसापासून 'नैसर्गिक मृत्यू' किंवा 'गळलेलं' असं लिहिलेल्या मालावरचा माझा विश्वास उडाला.

(आजोबांच्या वेळची शिंगं किंवा मृगाजिन घरात असेल तर त्याबद्दल: २००३ मध्ये अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी तेव्हा जाहीर केली त्यांचे कागद असतील. ज्यांनी केली नाहीत त्यांनी ती विकायच्या किंवा भेट द्यायच्या भानगडीत पडू नये. सरळ वन विभागाशी बोलावं. मुंजीत मृगाजिनाचा तुकडा लागतोच असा आग्रह धरणारे अजून भेटतात. त्याशिवाय हजारो मुंजी लागल्या आहेत.)

कस्तुरीचंही तेच. नाभी, म्हणजे कस्तुरीची पिशवी, फक्त नर कस्तुरीमृगाला असते, आणि त्यातून निघते जेमतेम पंचवीस ग्रॅम. पण फासाला नर-मादी कळत नाही, म्हणून एका नाभीमागे माद्या आणि पाडसंही मरतात. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून कस्तुरीमृग पाळून न मारता कस्तुरी काढतात, तरी रानातला कस्तुरीमृग घटतच गेला. मागणी पाळीव जनावरांनी पुरी होण्याइतकी नव्हती, आणि रानातला फास पिंजऱ्यातल्या चाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो. पुण्यात लोक 'हिमालयातून आणलेली कस्तुरी' घेऊन माझ्याकडे येतात. आजवर मी पाहिलेल्यांपैकी एकही खरी नव्हती: बकरीच्या कातड्याचा गोळा, वर चिकटवलेले केस, बाजूला बारीक शिवण आणि आत कृत्रिम सुगंधाची माती. खरी निघाली असती तर आणणारा तुरुंगात गेला असता, हे त्यांना सांगावं लागतं.

मध्य आशियातल्या सायगा मृगाचं उदाहरण याहून कडू. गेंड्याच्या शिंगाला पर्याय म्हणून सायगाचं शिंग वापरा, असं काही संवर्धनवाद्यांनीच एके काळी सुचवलं होतं. १९९० च्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास असलेले सायगा पुढच्या दहा-बारा वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास आले. सोव्हिएत संघ कोसळला होता, गावांत पैसा नव्हता आणि सीमेपलीकडे गिऱ्हाईक तयार होतं. शिंग फक्त नरांना असतं. नर इतके मारले गेले की उरलेल्या माद्या गाभण राहीनाशा झाल्या. २०१५ मध्ये जंतुसंसर्गानं काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले. तरीही ते सावरले, २०२३ मध्ये कझाकस्तानात त्यांची संख्या एकोणीस लाखांवर गेली. जुळी पाडसं देणारं जनावर, अफाट माळ आणि कडक पहारा, हे तिन्ही एकत्र होते म्हणून. आता तिथले शेतकरी गवताची नासाडी होते म्हणून तक्रार करतात.

तुमच्या मूळ उदाहरणाकडे येते. दक्षिण आफ्रिकेबद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. १९९१ च्या कायद्यानं तिथं नीट कुंपण घातलेल्या जमीनमालकाला रानातल्या जनावरावर मालकी हक्क मिळाला. गुरं काढून लोकांनी मृग सोडले. खाजगी शिकाररानांखालची जमीन आज तिथल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकत्रित क्षेत्रापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याआधीचाही इतिहास आहे: बोंटेबॉक नावाचा मृग एकोणिसाव्या शतकात काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीत राखला म्हणून उरला, आणि १९३१ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आत फक्त १७ जनावरं होती. शेतकऱ्यानं मनात आणलं तर काय होतं, याचा हा पुरावा मी नेहमी देते.

पण पुढचं पान क्वचितच कुणी वाचतं. जनावर मालमत्ता झालं की मालक त्याला बाजाराच्या आवडीप्रमाणे घडवायला लागतो. काळा इम्पाला, सोनेरी वाइल्डबीस्ट अशी तिथल्या मृगांची निसर्गात क्वचित दिसणारी रंगरूपं मुद्दाम जवळच्या नात्यात पैदास करून वाढवली गेली. २०१६ मध्ये एका रानरेड्याचा सौदा १७ कोटी ८० लाख रँडच्या मूल्यावर झाला. नंतर हा बाजार कोसळला आणि ज्यांनी कर्ज काढून जनावरं घेतली होती ते बुडाले. आपल्याकडे इमू पक्ष्यांच्या पालनाचा धंदा कसा बुडाला ते आठवा. शेजारशेजारच्या जाती एका कुंपणात ठेवल्यानं संकर झाले. बोंटेबॉक आणि त्याचा भाऊबंद ब्लेसबॉक यांचा, काळ्या आणि निळ्या वाइल्डबीस्टचा. ज्याला वाचवलं त्याचंच रक्त भेसळ झालं. आणि कुंपणाच्या आत लाखमोलाचा मृग असेल तर बिबट्या, चित्ता, रानकुत्रा हे चोर ठरतात.

म्हणून बंदी हाच उपाय, असंही मी म्हणणार नाही. केनियानं १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली, आणि १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या कुरणांमधली मोठी रानजनावरं सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. शिकार बंद होती, पण माळावर शेती, कुंपणं आणि गुरं वाढत गेली, आणि हरणाला जागा ठेवण्यात मालकाचा काही फायदा नव्हता. उलट पाकिस्तानात, बलुचिस्तानच्या तोरघर डोंगरात, पठाण टोळीनं १९८० च्या दशकात स्वतः शिकार थांबवली आणि वर्षाला एक-दोन म्हाताऱ्या मारखोर बोकडांचे (मारखोर म्हणजे पिळदार शिंगांची डोंगरी रानशेळी) परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकून त्या पैशातून स्वतःच्या माणसांना राखणीला ठेवलं. शंभराच्या आत आलेले मारखोर दोन हजारांच्या वर गेले. मला शिकार आवडत नाही, कधीच आवडली नाही. तरी हा आकडा मी लपवत नाही. तिथं अख्खा डोंगर एका टोळीचा आहे आणि बाहेरचा चोर तिथं लपू शकत नाही. सुप्याच्या माळाची तशी स्थिती नाही. इथं परवाना विकला तर पैसा कोणत्या तिजोरीत जाईल आणि चिंकाऱ्याचा माग ठेवणाऱ्या मेंढपाळाला त्यातलं काय मिळेल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

टेक्सासची नीलगाय आणि आपलं काळवीट हे तिथले परदेशी पाहुणे. १९२० आणि १९३० च्या दशकांत शिकारीसाठी नेले, मोकाट झाले, वाढले. तिथं ती 'स्थानिक' जनावरं नाहीत, म्हणून त्यांच्या शिकारीवर फारशी बंधनं नाहीत. पाकिस्तानातून काळवीट संपल्यावर १९७० च्या दशकात टेक्सासहूनच काळवीट तिकडे पाठवावे लागले, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण टेक्सासमध्ये वाचला तो प्राणी. त्याच्याबरोबरचा लांडगा, माळढोक, कुसळी-पवन्याचं गवत, मेंढपाळांच्या वाटा, यातलं काही तिकडे गेलं नाही आणि परत आलंही नाही.

आता आपला माळ. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत गुरा-मेंढ्यांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडं मिळाली. म्हणजे पुणे जिल्ह्यात माणूस हरणाचं मांस खात होता आणि हरणही टिकून होतं. बदललं काय, तर माणसांची संख्या, हत्यार आणि जमीन. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. कर्जतजवळचं रेहेकुरी सव्वादोनसुद्धा नाही. एवढ्याशा जागेवर चिंकाऱ्याचं किंवा काळविटाचं भागत नाही. तो खरा जगतो आजूबाजूच्या पडीक जमिनींवर, गायरानांवर, तुमच्या चाळीस एकरांसारख्या तुकड्यांवर. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र सव्वा-दीड हेक्टरच्या मध्ये कुठंतरी आहे. आफ्रिकेत एकेक शिकाररान हजारो हेक्टरांचं असतं. तुम्ही चाळीस एकरांना कुंपण घातलंत तर आत अडकलेल्या चिंकाऱ्यांना दुष्काळात बाहेर जाता येणार नाही आणि बाहेरच्यांना आत येता येणार नाही. तुम्ही जे वाचवायला निघालात त्याचे दोन तुकडे कराल.

शिवाय हे जनावर हाताळणं म्हणजे काय, ते एकदा बघायला हवं. काही वर्षांपूर्वी चैत्रात बारामती रस्त्याच्या बाजूला एका पडक्या विहिरीत चिंकारीण पडली होती. कठडा ढासळलेला, खाली कमरेएवढं पाणी. मी पोहोचेपर्यंत काठावर शे-दीडशे माणसं, मोबाईल वर धरलेले. पोरांनी बाज दोरांना बांधून खाली सोडली, एक जण उतरला, त्यानं तिला छातीशी धरून वर आणलं. जेमतेम वीस किलोचा जीव. मी आधी तिच्या डोळ्यांवर ओला पंचा टाकला, मग पाय मोकळेच धरले, बांधले नाहीत. थर्मामीटर ४२ च्या पुढं. नाडी मोजता येत नव्हती, बोटाखाली नुसती थरथर. अंगावर पाणी ओतलं, शीर शोधून सलाईन लावलं, गर्दीला हात जोडून मागं सारलं. तासाभरानं तापमान उतरलं, ती उभी राहिली, टाळ्या वाजल्या. हाड एकही मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची झाली. भीतीनं आणि धडपडीनं स्नायू आतून फुटतात, त्यांचा रंग रक्तातून मूत्रपिंडात उतरतो. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मेली. विहिरीनं तिला मारलं नव्हतं.

कोथरूडच्या गव्याचंही लोकांना आठवत असेल. ९ डिसेंबर २०२० ला तो वस्तीत आला, काही तास गर्दी मागं लागली, आणि भूल देऊन धरल्यानंतर तो गेला. दोन आठवडे व्हायच्या आत बावधनजवळ दुसरा गवा दिसला. त्या वेळी लोकांना लांब ठेवलं, कुणी त्याला धरायला गेलं नाही, आणि तो आल्या वाटेनं रानात परतला. शेळीसारखं हरण धरून टेम्पोत घालू, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन गव्यांचा विचार करावा. न्यूझीलंडमध्ये लाल हरणांची शेती होते, पण ती अंगानं मोठी आणि माणसाला सरावणारी हरणं आहेत. चिंकाऱ्याला असं पाळता येणार नाही.

आणि लांडगा. सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर या पट्ट्यात तो अजून आहे. धनगराची मेंढी तो नेतो, धनगर शिव्या देतो, आणि तरी बहुतेक जण त्याला माळाचाच एक रहिवासी मानतात. ज्या दिवशी चिंकाऱ्याला किलोमागे भाव येईल त्या दिवशी तो लांडगा तुमच्या तिजोरीतला चोर होईल. मला ते बघायचं नाही.

रानडुकराची गोष्ट मात्र मी वेगळी धरते. ते एका वेताला चार-सहा पिल्लं देतं, उसात राहतं, भुईमूग-मका एका रात्रीत उकरून टाकतं. ते आणि रोही, म्हणजे नीलगाय, अनुसूची २ मध्ये आहेत, आणि नुकसान होत असेल तर अर्ज करून त्यांना मारण्याची परवानगी मिळू शकते. पण मारलेलं जनावर सरकारचं. केरळात रानडुक्कर मारल्यावर मांस कुणी खाऊ नये म्हणून रॉकेल ओतून पुरतात. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं पीक गेलं त्याच्यासमोर पन्नास-साठ किलो मांस मातीत घालायचं, हे मला पटत नाही. परवानगीनं मारलेल्या डुकराचं मांस पशुवैद्यकीय तपासणीनंतर त्याच गावात, न विकता वाटायला परवानगी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. विकायला मात्र नाही. एकदा बाजार उघडला की आज ज्या वाघुरी (शिकारीची जाळी) आणि गावठी बॉम्ब चोरून लागतात ते उजळ माथ्यानं लागतील, आणि वाघुरीत डुकराबरोबर भेकरही अडकतं, बिबट्याही अडकतो. शिवाय नुसतं मारल्यानं प्रश्न मिटत नाही. बिहारमध्ये मोकामा भागात २०१६ मध्ये बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या. नीलगाईंचा उपद्रव तिथं आजही चर्चेत आहे.

आणखी एक माणूस या हिशेबात कधी धरला जात नाही, तो म्हणजे फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींना गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, पण १९७२ नंतर त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा झाला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. हरणाची वाट, पाण्याची वेळ, खुराच्या ठशावरून नर की मादी, हे त्यांच्याइतकं मला अजून कळत नाही. माळ राखायचा पैसा उभा राहिला तर पहिली मजुरी त्यांना मिळायला हवी.

तुमच्या चाळीस एकरांचं मी काय केलं असतं, ते सांगते. गवत वाढू द्या. मारवेल, पवन्या असेल तर दिवाळीनंतर बी झडल्यावरच कापा आणि चारा म्हणून विका. दुष्काळी भागात चाऱ्याला गिऱ्हाईक असतंच. वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्प किंवा निलगिरी लावू नका, हे गवताचं रान आहे, झाडांचं नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिरसुफळला वन विभागानं गावकऱ्यांना बरोबर घेऊन गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. ती पाहून या, आपल्या भागात तसं काही होईल का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. खूप पैसा मिळेल असं सांगणार नाही, पण जो मिळेल तो जिवंत चिंकाऱ्याचा असेल. धनगरांच्या वाटा बंद करू नका. कुंपण हवंच असेल तर काटेरी जाळी नको. तीन साध्या तारा, आणि सगळ्यात खालची जमिनीपासून दीड फूट वर, म्हणजे चिंकारा खालून निघून जाईल. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त ग्रामपंचायतीकडून करून घ्या, कारण या पट्ट्यात माझ्याकडे येणारी निम्मी हरणं कुत्र्यांनी फाडलेली असतात.

आणि या सगळ्याच्या आधी, चैत्र लागायच्या आत, त्या जुन्या विहिरीला साडेतीन-चार फुटांचा कठडा बांधून घ्या. बाहेर जमिनीलगत एक उथळ हौद करा, काठ उतरता, म्हणजे पाडसालाही पिता येईल आणि बाहेर निघता येईल. गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम आहे.